हुजूर भिंतीवरून उतरले

बावीस मुलं पुढच्या दारानं आत आली, खाली मान घालून एका ओळीत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. मी वेताची छडी घेऊन पहिल्या तसबिरीपाशी उभा होतो. छडी मारायची नव्हती, दाखवायची होती. "मुलांनो, ही तसबीर बघा," एवढंच माझं म्हणून झालं होतं. पुढचं आठ पानी व्याख्यान मी आठवडाभर खपून लिहिलं होतं. ते खिशातच राहिलं.

मी धावत अंगणात गेलो आणि पहिल्याच मुलाला धरलं. हा हमीद. बाप हातमागावर साड्या विणायचा.

"काय पाहिलंस रे आत?"

"फरशी."

"आणि?"

"छत्तीस हायत. एक फुटकी हाय. तिच्यातून मुंग्या निघून राहिल्यात."

अकरा वर्षं मी त्या हॉलमध्ये नोकरी करत होतो. फरशी फुटकी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

हा किस्सा नांदेडचा, निजामाचा अमल संपायला थोडीच वर्षं राहिली होती तेव्हाचा. घरी मुलांनी तो इतक्यांदा ऐकलाय की मी "बावीस मुलं" म्हणालो की धाकटा "छत्तीस फरश्या" म्हणून उठून जातो. म्हणून आता लिहूनच काढतो. कागद उठून जात नाही.

माझा हुद्दा होता मुहाफिज-ए-तसबीरखाना. मुहाफिज म्हणजे सांभाळणारा. माझ्या सासुरवाडीला, रेणापूरला, हा हुद्दा तहसीलदाराच्या जरा वरचा आहे अशी समजूत होती. मी ती कधी मोडली नाही. प्रत्यक्षात मी आधी लातूरला ड्रॉईंग मास्तर होतो, आणि इथं माझं काम म्हणजे धूळ झाडणं, वाळवी बघणं आणि फ्रेमच्या दोऱ्या दरसाल बदलणं. तसबीरखाना एका नवाबसाहेबांच्या वडिलांनी शहराला दिला होता. गोदावरीच्या बाजूला एक लांबट हॉल. दोन्ही भिंतींवर मिळून त्यांच्या खानदानातल्या एकोणीस बुजुर्गांच्या मोठ्या ऑइल तसबिरी. नवाबसाहेब स्वतः हैदराबादला राहायचे. बघायला येणारे लोक म्हणजे पावसात आडोशाला थांबलेले, नाहीतर उन्हाळ्यात गारव्याला आलेले.

हे सगळं सुखानं चाललं होतं. मग जिल्ह्याला नवे तालुकदारसाहेब आले. तालुकदार म्हणजे तेव्हाचा कलेक्टर. तरुण माणूस, कडक इस्त्री, पायात आरशासारखे चकचकीत बूट. त्यांनी मला कचेरीत बोलावलं. करोडगिरीवाल्यांना, म्हणजे जकात खात्याला, माल ठेवायला गोदाम हवं होतं, आणि त्यांचा डोळा आमच्या हॉलवर होता.

साहेबांच्या पुढ्यात हॉलचं जुनं दानपत्र होतं. ते उर्दूत बोलले, मी मराठीत सांगतो.

"मुहाफिजसाब, हे वाचलंय कधी?"

"जी हुजूर," मी म्हणालो. वाचलं नव्हतं.

"यात लिहिलंय, हा तसबीरखाना शहरातल्या गरीब मुलांना तसबिरी बघण्याचा शौक लागावा म्हणून दिला आहे. अकरा वर्षांत किती गरीब मुलं आली?"

मी छताकडे बघितलं. छतही काही बोललं नाही.

"एक महिना देतो. महिन्यानं शनिवारी मी मुआयन्याला येईन." मुआयना म्हणजे इन्स्पेक्शन. "या तसबिरींतून काही शिकलेली गरीब मुलं मला दाखवा. नाहीतर चावी करोडगिरीच्या दारोग्याकडे द्या."

चावी माझ्या कमरेच्या करगोट्याला होती. मी नकळत धोतरावरूनच ती धरली. हॉल गेला असता तर तसबिरी कुठल्यातरी कोठीत उंदरांच्या हवाली झाल्या असत्या आणि मी रेणापूरला.

गावात एक खैराती मदरसा होता, म्हणजे बिनफीची शाळा. जोडे शिवणाऱ्यांची, विणकरांची, हमालांची मुलं तिथं यायची. काही मुलीही होत्या. शाळा एकाच माणसाची, मौलवीसाहेबांची. मी त्यांना गळ घातली: चार शुक्रवार मुलांना घेऊन या. तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. नमाजाच्या आधी सकाळी मुलं मोकळी असायची.

पहिल्या शुक्रवारी काय झालं ते वर सांगितलंच. एक सांगायचं राहिलं. यल्लू नावाची नऊएक वर्षांची मुलगी उंबऱ्याबाहेरच थांबली होती. तिचा बाप जोडे शिवायचा; मंडळी मूळची देगलूरकडची. "आमी बी आत?" तिनं विचारलं. "हो, आत," मी म्हणालो. पण म्हणायच्या आधी मी क्षणभर थांबलो होतो. ते तिनं बघितलं. मीही बघितलं, माझं मला.

मुलं निघून गेल्यावर मी मौलवीसाहेबांना गाठलं. ते फार खूश दिसत होते.

"देखे मास्टर? एक भी आँख ऊपर नहीं उठी! दो साल में मैं इनको एकीच चीज पक्की सिखाया. बडों के सामने नजर नीची."

"अहो मौलवीसाहेब, पण त्या तसबिरी आहेत!"

"तसबीर किसकी है? बडों कीच ना?"

 बाकी ठिकाणी त्यांचंच खरं होतं. या मुलांनी मान वर करून कुणा हुद्देदाराकडे बघितलं असतं तर थोबाडीतच खाल्ली असती. मौलवीसाहेबांनी त्यांना गालफडं वाचवायची विद्या शिकवली होती.

दुसऱ्या शुक्रवारी मी आधीच बजावलं. आज मान वर. तसबिरीकडे बघायचं. मौलवीसाहेबांनीही नाइलाजानं मान डोलावली. मुलं आत आली, पहिल्या बुजुर्गांसमोर उभी राहिली, मान वर केली आणि बावीसही जणांनी कमरेत वाकून सलाम केला. मग वाट बघत राहिली.

"चला पुढे," मी म्हणालो.

"ते जा म्हन्ले न्हाईत अजून," यल्लू म्हणाली.

मी बुजुर्गांच्या वतीनं "जा" म्हणालो. आता हुजुरांसमोरून निघायचं तर पाठ फिरवायची नसते, उलट्या पावलांनी मागं सरकायचं असतं. मुलं मागं सरकू लागली. आमचा हॉल अरुंद. सात-आठ पावलं सरकली आणि समोरच्या भिंतीला, तिथल्या बुजुर्गांच्या ऐन खाली, मुलांच्या पाठी टेकल्या. मोठाच अपराध! सगळी गर्रकन वळली, यांना सलाम केला, तोवर पहिल्यांना पाठ झाली. पुन्हा वळली. एकोणीस हुजूर, दोन भिंती, आणि मध्ये बावीस मुलं भोवऱ्यासारखी. हमीदनं शेवटी युक्ती काढली. तो मधोमध आडवा उभा राहिला आणि खेकड्यासारखा तिरका चालत दाराकडं निघाला. बाकीची त्याच्या मागं. कुणालाच पाठ नाही. मौलवीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही, कारणं वेगळी होती.

तिसऱ्या खेपेसाठी माझ्याजवळ एकच उपाय उरला, तो म्हणजे घोकंपट्टी. कॅटलॉगमधली नावं पाठ करून घ्यायची आणि मुआयन्याला म्हणवून घ्यायची. अमुक हुजूर, तमुक हुजूर, तिसरे हुजूर जलालच्या मुद्रेत. जलाल म्हणजे तेज, रुबाब. हे तिसरे हुजूर नवाबसाहेबांचे आजोबा. खुर्चीत बसलेले, कपाळाला आठ्या, ओठ दाबलेले. गावातले लोक ती तसबीर बघून एक पाऊल मागं सरायचे. मी स्वतः तसा चेहरा करायचा सराव केला होता. कचेरीत जाताना उपयोगी पडेल म्हणून.

घरी हे सगळं बायकोला सांगितलं. ती सुपात ज्वारी पाखडत होती. पाखडता पाखडताच म्हणाली, "किती उंच टांगलेत हो त्यांना?"

"माणूसभर उंचीवर. बुजुर्ग आहेत!"

"आमच्या माहेरी आप्पा माळवदावर बसले की घरात कुणी वर बघायचं नाही. धाकच तसा. पण जेवायला पाटावर बसले की मिशीला लागलेलं वरण आम्हा सगळ्या पोरींना दिसायचं. तुम्ही पण आठ्या कमी घाला, ज्वारीत खडा सापडल्यासारखं दिसतं ते."

शेवटच्या वाक्याकडं मी दुर्लक्ष केलं. आधीचं मात्र डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी ती कल्पना मौलवीसाहेबांना सांगताना मी "मला असं सुचलंय की" अशी सुरुवात केली.

मौलवीसाहेब उडालेच. "बुजुर्गों को जमीन पर? तौबा!"

"सतरंजीवर."

"सतरंजी जमीन परीच बिछती ना!"

"मौलवीसाहेब, हॉल गेला तर सगळे बुजुर्ग कोठीत जाणार. तिथं सतरंजीसुद्धा नाही."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग अस्तन्या सारल्या आणि तसबिरीची खालची बाजू धरायला स्वतःच पुढं आले. "धीरे मास्टर. हुजूर भारी हैं."

तिसऱ्या शुक्रवारी मुलं आली तेव्हा चार तसबिरी सतरंजीवर, भिंतीला टेकून होत्या. मी एकच सांगितलं: "खाली बसा. बोट लावायचं नाही. सलाम नाही. हुजूर आज सुट्टीवर आहेत."

मुलं बसली. नेहमीप्रमाणं माना खाली गेल्या. आणि खाली हुजूर होते.

 मी खिशातल्या आठ पानांकडं हात नेला. तेवढ्यात यल्लू आजोबांच्या तसबिरीच्या आणखी जवळ सरकली.

"मास्तर, ह्या बाबाचा जोडा नवाकोरा हाय."

"कशावरून?"

"चवड्यावर सुरकुती न्हाई पडली. आन् टाच बघा की. टाच आत न्हाईच गेलेली. भाईर काढून बसलाय. ल्हान झालाय त्याला. लई चावून राहिला असंल." तिनं मग वर, चेहऱ्याकडं बघितलं. मान पहिल्यांदाच आपणहून वर गेली होती. "म्हनून तर तोंड तसं केलंय."

मी खाली बसलो. खरोखरच टाच बाहेर होती. अगदी नीट, काळजीनं रंगवलेली लालसर टाच. चित्रकारानं बघितली होती आणि काढली होती. अकरा वर्षं मी त्या तसबिरीची धूळ झाडत होतो आणि जलाल जलाल म्हणत होतो.

"शाल बी उलटी हाय," हमीद म्हणाला. "धाग्यांची गुंतवळ भाईर दिसून राहिली. घाईघाईत कुनी तरी पांघरलीय."

"जोडा चावत असंल तर शालीकडं कोन बघतंय," यल्लू म्हणाली.

मग काय विचारता! एका हमालाच्या मुलाला दुसऱ्या तसबिरीत मागच्या दारातून डोकावणारा नोकर सापडला; तो पाठीवरच्या ओझ्यानं कसा वाकलाय ते त्यानं उठून चालून दाखवलं. कुणाला पिंजऱ्यातला पोपट झोपलेला दिसला. कुणी म्हणालं, ही बाई रडून आलीय. कुणी म्हणालं, न्हाई, कांदा चिरून आलीय. त्यावर दोन तट पडले आणि मारामारीची वेळ आली. हॉलमध्ये असा गलका कधीच झाला नव्हता. मी मधोमध मांडी घालून बसलो होतो आणि हसून हसून माझा चष्मा सतरंजीवर पडला होता.

निघताना यल्लू माझ्या पायांकडं बघून म्हणाली, "मास्तर, तुमचा बी जोडा चावतो का? तुमी बी रोज तसंच तोंड करता."

घरी हे सांगायची चूक मी केली.

चौथा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शनिवारी मुआयना. माझा बेत शहाणपणाचा होता असं मला वाटत होतं: सकाळी मुलांना हवं तसं बघू द्यायचं, दुपारी तसबिरी पुन्हा वर टांगायच्या, आणि साहेबांपुढं कॅटलॉगमधली नावं म्हणवून घ्यायची. खरं बघणं आपल्यात, घोकणं सरकारला.

एकोणीसच्या एकोणीस तसबिरी खाली होत्या. मुलं त्यांच्यामध्ये पसरली होती. यल्लू पालथी पडून आजोबांच्या जोड्याची शिवण मोजत होती. दारातून प्रकाश आला आणि मी वर बघितलं. उंबऱ्यात चकचकीत बूट उभे होते. बुटांच्या वर तालुकदारसाहेब. शेजारी काठी टेकत उभे असलेले, मेंदी लावलेल्या दाढीचे वृद्ध गृहस्थ, म्हणजे स्वतः नवाबसाहेब. हैदराबादहून ते पाहुणे म्हणून आले होते. सुट्टीचा दिवस, म्हणून साहेबांनी त्यांना सहज फिरवत आणलं होतं.

मौलवीसाहेबांनी सात सलाम केले. मुलं ताडकन उठली, माना खाली. मीही उठलो, चष्मा उलटा लावला.

"मुहाफिजसाब," तालुकदारसाहेबांचा आवाज बर्फासारखा होता, "नवाबसाहेबांचे बुजुर्ग जमिनीवर कसे?"

"धूळ... हुजूर, धूळ झाडायला उतरवलेत."

"आणि ही मुलं?"

"ती... ती धूळ..." माझं वाक्य पुढं गेलंच नाही. साहेबांनी हात पुढं केला. तळवा वर. चावीसाठी. मी करगोट्याची गाठ सोडू लागलो. गाठ अकरा वर्षांची होती, सुटेना.

नवाबसाहेब मात्र काठी टेकत आत आले होते. आपल्या आजोबांसमोर थांबले. त्यांनी यल्लूला विचारलं, अगदी साध्या मराठीत. बालपण त्यांचं नांदेडातच गेलं होतं.

"पोरी, माझ्या आजोबांचं काय करून राहिलीस?"

यल्लूची मान खालीच होती. पण मला आता ठाऊक होतं की खाली मान घालून ती काय बघत असते.

"जोडा बघून राहिले."

"काय दिसलं जोड्यात?"

मी डोळे मिटले. मनात म्हणत होतो, पोरी, जलाल म्हण. एवढं एकदा जलाल म्हण.

"चावून राहिला व्हता त्यान्ला. ल्हान व्हता. म्हनून टाच भाईर काढलीया. बाबा रागावलेले न्हाईत. पाय दुखतोय त्यांचा."

 नवाबसाहेबांनी काठी मौलवीसाहेबांच्या हातात दिली. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, ते सतरंजीवर बसले. आजोबांच्या टाचेजवळ डोळे नेले. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, म्हातारा रडतोय.

ते हसत होते. दाढी ओली होईस्तोवर हसले.

"दादीजान सांगायच्या," ते म्हणाले, "आजोबांना आपले पाय नाजूक आहेत असा फार अभिमान. तसबिरीसाठी नवा जोडा करवला तो मुद्दाम लहान. तीन दिवस त्यात बसले. तीन दिवस घरातलं प्रत्येक माणूस शिव्या खात होतं. दादीजाननं घाईत शाल फेकली ती उलटी पडली, तरी सरळ करायची कुणाची हिंमत झाली नाही. ही गोष्ट आमच्या घराबाहेर गेलेली नाही. या पोरीला कुणी सांगितली?"

तालुकदारसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मौलवीसाहेबांकडं बघितलं.

मौलवीसाहेब ताठ उभे होते, हातात नवाबांची काठी. "कोई नहीं बोला हुजूर," ते म्हणाले. "बच्ची खुद देखी." दोन वर्षं नजर खाली ठेवायला शिकवणारा तो माणूस हे इतक्या अभिमानानं म्हणाला की जणू आयुष्यभर त्यानं दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

"और शाल मैं देखा," हमीद पुटपुटला.

"बसा की साहेब," नवाबसाहेब तालुकदारांना म्हणाले. "उभ्यानं काय दिसणार?"

साहेब बसले. बसताना कडक पाटलोणीतून एक आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. थोड्या वेळानं मी हळूच बघितलं. साहेबांनी एका चकचकीत बुटातून टाच बाहेर काढली होती. यल्लूनंही ते बघितलं होतं. ती माझ्याकडं बघून गालात हसली, आणि देवाची कृपा, काही बोलली नाही. तासाभरात साहेब कांदा की रडणं या वादात कांद्याच्या बाजूनं भांडत होते.

शनिवारचा मुआयना झालाच नाही. पंधरा दिवसांनी कचेरीतून लेखी हुकूम आला. करोडगिरीनं गोदामासाठी दुसरी जागा बघावी. तसबीरखाना दर शुक्रवारी सकाळी खैराती मदरशाच्या मुलांसाठी खुला राहावा. आणि तसबिरी यापुढे जमिनीपासून एक हात उंचीवर टांगाव्यात, जास्त नाही. खाली शिक्का.

परिणाम असा झाला की जो कुणी मोठा माणूस बघायला येई, त्याला पागोटं सांभाळत सतरंजीवर मांडी ठोकावी लागे. माहिती सांगायला यल्लू, हमीद आणि कंपनी. माझी आठ पानं मी चुलीला दिली. बायको म्हणाली, कागद बरा जळतो. फुटकी फरशी बदलायला घेतली तेव्हा मुलांनी बदलू दिली नाही. मुंग्या कुठं जातील म्हणाली.

धंद्यातलं शिकण्यासारखं एवढंच: खिळा ठोकायच्या आधी, जो बघणार आहे त्याच्या जागेवर बसून बघावं. गुडघे कुरकुरतात, पण चूक वाचते. मला हे कळायला अकरा वर्षांची नोकरी लागली, वर एक नऊ वर्षांची मुलगी.

त्याच साली मी यल्लूच्या बापाकडून मापाचा नवा जोडा शिवून घेतला. माप तिनं स्वतः घेतलं. अतिशय सुखाचा जोडा, कुठंच चावला नाही. तो घालून पहिल्या दिवशी घरी आलो, तर बायकोनं दारातच माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे जोड्याचा दोष नव्हता तर."